खाली दुकाने, वर घरे: पार्ल्यातील पुनर्विकासात भूवापराचे कोणते नियम तपासावेत?

पार्ले_सचिव यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला आमची सत्तरच्या दशकात बांधलेली, तळमजला अधिक तीन मजल्यांची, वीस सभासदांची गृहनिर्माण संस्था आहे. भूखंड साधारण 1,200 चौरस मीटरचा असून मानीव अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याची कायदेशीर प्रक्रिया) पूर्ण होऊन मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव लागले आहे. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात सांगितलेल्या, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79(अ) च्या प्रक्रियेप्रमाणे आम्ही निविदा मागवल्या आणि तीन विकासकांचे प्रस्ताव आले.

त्यांपैकी दोघांच्या प्रस्तावात तळमजला आणि पहिला मजला पूर्णपणे दुकाने व कार्यालयांसाठी, त्यावर दोन मजले पोडियम पार्किंग (घरांच्या खाली चौथऱ्यासारखे बांधलेले वाहनतळाचे मजले), पोडियमच्या छतावर बाग आणि त्यानंतर घरे अशी रचना आहे. तिसऱ्याने रस्त्याकडेला चार लहान दुकाने ठेवून बाकी सर्व इमारत निवासी दाखवली आहे. पहिले दोघे सभासदांना वाढीव चटईक्षेत्र आणि कॉर्पस निधी (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) दोन्ही जास्त देत आहेत, त्यामुळे साहजिकच सभेत मते विभागली गेली. तरुण सभासदांना वाटते की शहर असेच वाढणार, खाली बाजारपेठ असली तर मालमत्तेची किंमतही वाढेल. ज्येष्ठांना जिन्यातली वर्दळ, मालाचे टेम्पो आणि रात्रीचा आवाज यांची धास्ती आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आमच्या गल्लीसारख्या निवासी क्षेत्रात दोन मजले व्यापारी वापर नियमात बसतो का? समोरचा रस्ता डीपी रिमार्कमध्ये (महापालिकेने विकास आराखड्यावरून दिलेल्या लेखी माहितीत) 9.15 मीटर दाखवला आहे, पण दोन्ही बाजूंच्या कुंपणभिंतींमध्ये टेप लावून मोजल्यावर एका टोकाला तो 8.80 मीटर भरतो. या फरकाने काही बिघडते का? आणि मागच्या भूखंडावर महापालिका मंडईचे आरक्षण आहे. दोन्ही भूखंड एकत्र करून मंडईही बांधू, असे एक विकासक सुचवतो आहे, त्याकडे कसे पाहावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आराखडा_वाचक यांचे उत्तर

सचिव महोदय, आपण मोजमापे देऊन प्रश्न विचारला आहे, त्यामुळे नेमके बोलता येईल. इमारत प्रस्तावांचे काम मी अनेक वर्षे करत आहे. सभांमध्ये चर्चा बहुधा वाढीव चौरस फुटांवर अडकते आणि ते चौरस फूट ज्या नियमांतून निघतात त्यांचा कागद टेबलावर येतच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मुंबईला लागू असलेली नियमावली म्हणजे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034. ती 1 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे. राज्यातील इतर बहुतेक शहरांसाठी 2020 मध्ये आलेली एकत्रित नियमावली मुंबई महापालिकेच्या हद्दीला लागू नाही. ठाणे किंवा पुण्यातील नातेवाइकांच्या सोसायटीचे आकडे आपल्या सभेत कोणी सांगू लागले तर ते तिथेच थांबवावेत.

आता पहिला प्रश्न. 1991 च्या नियमावलीत निवासी क्षेत्राचे आर-1 आणि आर-2 असे दोन प्रकार होते आणि आर-2 म्हणजे शॉप लाईन, अर्थात रस्त्याकडेला दुकानांची मुभा, असलेले निवासी क्षेत्र. जुने पार्लेकर आजही 'आपल्या रस्त्याला शॉप लाईन आहे का' असेच विचारतात. 2034 च्या नियमावलीत हा भेद गेला असून निवासी क्षेत्र एकच आहे. कोणता व्यापारी वापर कुठे चालेल हे नियम 34 मधील तक्त्यातून ठरते. त्यात प्रत्येक वापरापुढे रस्त्याची रुंदी, स्वतंत्र प्रवेश, कोणत्या मजल्यावर परवानगी अशा अटी जोडलेल्या आहेत. त्यामुळे 'दुकाने चालतात का' या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. किराणा दुकान, दवाखाना, बँक, उपाहारगृह आणि व्यायामशाळा यांना लागू होणाऱ्या अटी वेगवेगळ्या आहेत. विकासकाच्या नकाशावर नुसते 'शॉप' लिहिलेले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक गाळ्याचा अपेक्षित वापर लिहून मागा आणि संस्थेने नेमलेल्या वास्तुविशारदाकडून तो तक्त्याशी ताडून घ्या.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उपनगरांत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा), 1.0 आहे. त्यावर मिळणारा अधिमूल्याचा (शुल्क भरून घेतलेला) आणि टीडीआरचा (दुसऱ्या जमिनीचे हस्तांतरणीय विकास हक्क वापरून मिळवलेला) एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर ही वाढ मिळत नाही. 9 ते 12 मीटरच्या रस्त्यावर 0.5 अधिमूल्याचा आणि 0.5 टीडीआरचा धरून एकूण 2.0 होतो, 12 ते 18 मीटरवर तो 2.2 होतो. यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे पूरक, क्षेत्र वेगळे. आपल्या 1,200 चौरस मीटरला हे लावून पाहा: 9 मीटरच्या खाली 1,620 चौरस मीटर, 9 ते 12 मीटरमध्ये 3,240. म्हणजे टोकाला कमी भरलेल्या त्या काही सेंटिमीटरवर अर्धा प्रकल्प टांगलेला आहे. (30 वर्षांपेक्षा जुन्या सोसायट्यांना नियम 33(7)(ब) खाली अस्तित्वातील बांधकामाच्या 15 टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे 10 चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल ते वेगळे मिळते, वीस सदनिकांचे ते किमान 200 चौरस मीटर झाले.) तक्त्यात नंतर झालेले फेरबदल आपल्या वास्तुविशारदाने अधिसूचनांवरून तपासलेच पाहिजेत.

कुंपणभिंतींमधले अंतर म्हणजे रस्त्याची मंजूर रुंदी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. पार्ल्याचा मोठा भाग नगररचना योजनांमध्ये आखलेला आहे आणि तिथे अंतिम भूखंडाच्या हद्दी योजनेच्या नकाशावरून ठरतात. समोरच्या कोणाची भिंत रस्त्यात सरकलेली असू शकते, तशीच आपलीही असू शकते. परवानाधारक सर्वेक्षकाकडून नगर भूमापनाच्या हद्दीनुसार मोजणी करून घ्या आणि महापालिका अधिनियमाच्या कलम 297 खालील रस्तारेषा आपल्या भूखंडातून जाते का हे लेखी विचारा. तशी रेषा जात असेल तर रुंदीकरणाची पट्टी महापालिकेच्या स्वाधीन करावी लागते आणि तिच्या बदल्यात एफएसआयचा लाभ मिळतो. हे सर्व निविदा निवडण्याआधी व्हायला हवे. नंतर रुंदीचा वाद निघाला की विकासक देऊ केलेले क्षेत्र कमी करू लागतो आणि तोपर्यंत सभासद भाड्याच्या घरात राहायला गेलेले असतात.

आता पार्ल्याच्या खास अडचणीकडे वळतो. आपण विमानतळाच्या शेजारी राहतो, त्यामुळे उंचीची मर्यादा भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत प्रमाणपत्रातून येते. ती उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते आणि तिच्यात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली असे सगळे धरलेले असते. समजा, परवानगी 45 मीटरची आहे आणि आपली जमीन समुद्रसपाटीपासून 10 मीटर उंच आहे, तर हातात 35 मीटर उरतात. टाकी आणि लिफ्टसाठी 4 मीटर सोडले की 31. पहिल्या दोन प्रस्तावांप्रमाणे व्यापारी मजले प्रत्येकी 4.2 मीटरचे आणि पोडियमचे मजले प्रत्येकी 3.3 मीटरचे धरले तर 15 मीटर तिथेच संपतात आणि घरांसाठी 16 मीटर, म्हणजे जेमतेम पाच मजले राहतात. तिसऱ्या प्रस्तावात एकच उंच तळमजला आणि गाड्या तळघरात किंवा यांत्रिक पार्किंगच्या खड्ड्यात धरल्या तर घरांचे आठ मजले बसतात. आपल्या भागात खरी टंचाई एफएसआयची नाही, उंचीची आहे. व्यापारी क्षेत्राचा विक्रीदर जास्त असल्यामुळे विकासकाचे गणित जुळते, पण सभासदांची घरे कोणत्या मजल्यावर येतील, किती दाटीवाटीने बसतील आणि मागच्या बाजूच्या घरांना ऊन-वारा मिळेल का, हे त्या गणितात दिसत नाही. तिन्ही विकासकांकडून इमारतीचा उभा छेद, म्हणजे मजले एकावर एक कसे रचले आहेत ते दाखवणारा नकाशा, मागा. आडवे नकाशे पाहून हे कळणार नाही.

पोडियमवरील बागेविषयीही सावध राहा. 1,001 ते 2,500 चौरस मीटरच्या भूखंडाला 15 टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे आपल्याला साधारण 180 चौरस मीटर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात ही किमान मोकळी जागा जमिनीवर असली पाहिजे अशी भूमिका घेतली होती. सगळी बाग वर नेऊन ठेवणारा नकाशा समोर आला तर विकासकाला त्याचा आधार लेखी विचारा. झाडे मातीत वाढतात आणि पावसाचे पाणीही मातीतच मुरते. स्लॅबवरच्या दीड फूट मातीत आंबा उभा राहत नाही.

मुलुंडकर_सभासद यांचे उत्तर

वरील उत्तरात नियम आले आहेत, मी राहण्याचा अनुभव सांगतो. आमच्या पुनर्विकसित इमारतीत खाली दुकाने आहेत आणि त्यांतली औषधांची आणि स्टेशनरीची दुकाने आम्हाला मनापासून हवीहवीशी वाटतात. माझ्या आईला रस्ता ओलांडल्याशिवाय औषधे मिळतात, रात्री उशिरापर्यंत खाली दिवे असतात, त्यामुळे मुलींना घरी परतताना एकटे वाटत नाही. गिरगावच्या चाळींत आणि दादरच्या जुन्या इमारतींत पिढ्यानपिढ्या हेच चालत आले आहे, म्हणून मिश्र वापराला सरसकट विरोध करणे मला पटत नाही.

त्रास झाला तो एका गाळ्यामुळे. मंजूर नकाशावर ते साधे दुकान होते. विक्री झाल्यावर दोन वर्षांत तिथे उपाहारगृह आले. स्वयंपाकघराच्या धुरासाठी इमारतीत वेगळा मार्ग ठेवलेलाच नव्हता, म्हणून मालकाने आमच्या न्हाणीघरांच्या डक्टमधून पत्र्याचा पाइप वर नेला. दुसऱ्या मजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत सर्वांच्या खिडक्यांवर तेलकट काळा थर बसू लागला, वाळत घातलेल्या कपड्यांना फोडणीचा वास येऊ लागला. त्यानंतर बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे अग्निशमन गाडी जिथून आत यायची त्या जागेत, टेबले मांडली गेली. तक्रारी केल्या, पाहणी झाली, टेबले उचलली गेली आणि काही दिवसांनी पुन्हा मांडली गेली. गाळा संबंधिताच्या मालकीचा असल्यामुळे संस्थेला फारसे काही करता येईना, कारण विकास करारात वापरावर कोणतेही बंधन लिहिलेले नव्हते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, गाळ्यांचा जिना आणि लिफ्ट घरांपासून पूर्ण वेगळी ठेवा. पाण्याचे मीटर, मलनि:सारण, कचऱ्याची खोली आणि विजेचा पुरवठा हेही वेगळे असू द्या. उपाहारगृह नको असेल तर 'गाळ्यात शिजवण्याचा व्यवसाय करता येणार नाही' असे विकास करारात, गाळ्याच्या विक्रीकरारात आणि संस्थेच्या ठरावात अशा तिन्ही ठिकाणी लिहून घ्या. हवे असेल तर धुराचा मार्ग गच्चीच्या वरपर्यंत नकाशातच दाखवून घ्या. माल उतरवण्याची जागा भूखंडाच्या आत दाखवली आहे का तेही पाहा, कारण 9 मीटरच्या रस्त्यावर सकाळी आठ वाजता एक टेम्पो उभा राहिला की शाळेच्या बसला वाट उरत नाही.

पार्ले_सचिव

दोघांचेही मनापासून आभार. उभा छेद मागवण्याची सूचना आमच्या व्यवस्थापन समितीपुढे आजच ठेवली. मंडईच्या आरक्षणाविषयीही कोणी मार्गदर्शन करावे, कारण सभासदांचा सर्वांत मोठा गोंधळ तिथेच आहे. आरक्षण म्हणजे सरकार जमीन घेणार, अशी अनेकांची समजूत आहे.

गिरणगावकर यांचे उत्तर

आरक्षणाचा प्रश्न एका भूखंडापुरता राहत नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 खाली महापालिका विकास आराखडा तयार करते आणि त्यात शाळा, मैदान, मंडई, दवाखाना अशा सार्वजनिक गरजांसाठी खासगी जमिनीही आरक्षित होतात. पूर्वी भूसंपादन हाच मुख्य मार्ग होता. पैसा अपुरा पडल्यामुळे बहुतेक आरक्षणे कागदावरच राहिली आणि दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालकाला कलम 127 खाली नोटीस देऊन, पुढील 24 महिन्यांतही काही न घडल्यास, आरक्षण व्यपगत झाल्याचा, म्हणजे आपोआप संपल्याचा, दावा करता येतो. यावर उपाय म्हणून दोन मार्ग पुढे आले: जमीन दिल्यास टीडीआर, किंवा मालकानेच सुविधा बांधून ती महापालिकेला विनामूल्य सोपवायची आणि उरलेली क्षमता स्वतः वापरायची. विकासक आपल्याला सुचवतो आहे तो हा दुसरा मार्ग. त्यात गैर काही नाही, उलट मंडई खरोखर उभी राहण्याची सर्वांत जास्त शक्यता त्यातच असते.

मात्र भूखंड एकत्र करण्यापूर्वी मंडईचे प्रवेशद्वार कुठे येणार ते पाहा. मागच्या भूखंडाला स्वतःचा रुंद रस्ता असेल आणि मंडई त्या बाजूने उघडणार असेल तर एकत्रीकरण विचारात घेण्यासारखे आहे. तसे नसेल तर भाजीच्या गाड्या पहाटे आपल्याच गल्लीतून आणि आपल्याच आवारातून जातील. मंडई महापालिकेला सोपवल्यावर तिची वेळ, स्वच्छता, फेरीवाल्यांची व्यवस्था यांपैकी काहीच आपल्या हातात राहणार नाही. शिवाय मंडई पूर्ण होऊन हस्तांतरित झाल्याशिवाय आपल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळण्यात अडथळा येऊ शकतो, ही जोखीम करारात कोण घेणार हे स्पष्ट असले पाहिजे. वीस कुटुंबांनी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भूवापर बदलताना रस्ता, स्टेशन आणि मोकळी जागा यांचा विचार मागे पडला की काय होते हे आम्ही परळ-लोअर परळमध्ये पाहिले. 1991 च्या नियमावलीतील नियम 58 प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेकडे, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाकडे आणि उरलेला भाग मालकाकडे जाणार होता. 2001 मधील बदलाने ही वाटणी गिरणीतील फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्यामुळे शहराच्या मध्यभागी मैदाने आणि कामगारांची घरे यांसाठी मिळू शकणारी जमीन फार आक्रसली, तिथे कार्यालये आणि मनोरे उभे राहिले, पण स्टेशनचे पूल आणि पदपथ जुन्याच मापाचे राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. तिची तात्कालिक कारणे वेगळी सांगता येतील, पण एवढी माणसे रोज त्या अरुंद जिन्यावर का येऊ लागली याचे उत्तर भूवापराच्या निर्णयांत आहे, आणि हे मी त्या परिसरात वाढलेला माणूस म्हणून फार दुःखाने लिहितो आहे.

नागरिकांनी वेळेवर बोलल्याने फरक पडतो, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात काही स्थानकांभोवती 8 पर्यंत एफएसआय सुचवला होता आणि अस्तित्वातील इमारती, वारसास्थळे, रस्ते यांच्या नोंदींत असंख्य चुका होत्या. लोकांनी वॉर्डनिहाय नकाशे छापून घेतले, आपापली गल्ली तपासली, हजारो हरकती नोंदवल्या. एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने दुरुस्त करण्याचे आदेश दिले, सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले आणि मंजुरी 2018 मध्ये मिळाली. आजही कलम 37 खालील फेरबदलांच्या सूचना प्रसिद्ध होतात आणि हरकतींसाठी साधारण महिन्याची मुदत असते. आपल्या विभागाच्या सूचना पाहण्याचे काम संस्थेतील एखाद्या निवृत्त सभासदाकडे सोपवावे.

आराखडा_वाचक

मंडईच्या प्रवेशाचा मुद्दा अगदी योग्य आहे. त्यात एकच भर घालतो. उंचीच्या मर्यादेमुळे आपल्या भूखंडाचा काही एफएसआय आज वापरता येणार नाही अशी दाट शक्यता आहे. पुढे उंचीचे निर्बंध सैल झाले किंवा शासनाने न वापरलेल्या क्षमतेसाठी काही सवलत दिली तर ती कोणाची, हे बहुतेक विकास करारांत लिहिलेले नसते, किंवा 'सद्य व भावी सर्व क्षमता विकासकाची' असे एक वाक्य मधल्याच पानावर असते. ते वाक्य काढून टाका आणि 'मंजूर नकाशाप्रमाणे वापरलेल्या क्षमतेव्यतिरिक्त भूखंडाची सर्व भावी क्षमता संस्थेची राहील' असे लिहून घ्या. तिन्ही विकासकांना हे कलम निवडीच्या सभेआधीच पाठवा. कोण ते मान्य करतो हे पाहूनच पुढच्या वाटाघाटी करा.